पिस्टनवरचा आकडा की ब्लॉकचं माप?

जुनी डर्ट गाडी घेतली, आठवडाभरात हेड उघडलं, ब्लॉक (ज्याच्या भोकात पिस्टन वर-खाली होतो तो सिलिंडर) वर उचलला आणि आता कोणत्या साईजचा पिस्टन आणायचा यावर घोडं अडलं आहे, अशा माणसासाठी हे लिहितो आहे. रस्ते दोन आहेत. जुन्या पिस्टनच्या डोक्यावरचा आकडा वाचायचा आणि त्यावरून पुढचा पिस्टन मागवायचा, हा एक. नाहीतर पिस्टन बाजूला ठेवून ब्लॉक मोजायचा आणि ब्लॉक म्हणेल तो पिस्टन आणायचा. मी दोन्ही करून पाहिलं आहे. पहिलं एकदाच केलं, दुसरं त्यानंतर दरवेळी. माझा कल कुठे आहे हे तुम्ही ओळखलंच असेल, तरी पहिल्या रस्त्याचीही बाजू आहे आणि ती मांडतो.

माझी गाडी म्हणजे यामाहाची आरएक्स १००. आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली ती. आधीच्या मालकाने हेडलाईट, मडगार्ड, साईड पॅनेल सगळं काढून गुट्टीचे, म्हणजे मातीत पकडणारे जाड दातांचे, टायर घातले होते आणि नागपूरजवळच्या हिंगण्याच्या पलीकडे मुरमाच्या माळावर ती बेदम पळवली होती. विकताना तो म्हणाला, "इंजिन मख्खन आहे भाऊ, थंडी असताना जराशी टकटक करते, बस." थंडी म्हणजे हिवाळा नव्हे, गार इंजिन. ती टकटक पिस्टनची होती हे मला घरी आल्यावर, गाडी अंगणात उभी करून दुसऱ्यांदा किक मारल्यावर कळलं. गरम झाल्यावर आवाज थोडा दबायचा. माणूस खोटं बोलला नव्हता, पूर्ण बोलला नव्हता एवढंच.

आता आकड्याची बाजू. लोखंडी लायनरच्या (ब्लॉकच्या आत बसवलेल्या नळीच्या) जुन्या टू-स्ट्रोकमध्ये हिशोब सोपा असतो. भोक घासलं की ते थोडं कापून मोठं करायचं, म्हणजे बोअर करायचं, आणि मोठा पिस्टन घालायचा. स्टँडर्ड, मग पाव मिलिमीटरच्या पायऱ्या: ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.००. स्पेअरच्या दुकानात कोणी दशांश चिन्ह उच्चारत नाही. पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर, शंभर, असंच बोलतात. पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन लाकडी चमच्याच्या टोकाने किंवा जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने खरवडायचा, रॉकेल नाहीतर पेट्रोलच्या फडक्याने पुसायचं, की खाली बाण दिसतो आणि बाणाच्या आसपास आकडा. बाण सायलेन्सरच्या बाजूला जातो. आकडा कळला की पुढची पायरी मागवायची. हत्यार लागत नाही, खर्च नाही, अर्ध्या तासाचं काम. ज्याने आयुष्यात मायक्रोमीटर हातात धरलेला नाही त्याला हा रस्ता आवडणारच, मलाही आवडला होता.

माझ्या पिस्टनवर आकडा होता ५०.

त्याच्या पुढे शून्य नाही, दशांश चिन्ह नाही, अधिकचं चिन्ह नाही. नुसता ५०, थोडा तिरका ठोकलेला. आणि आरएक्स १०० चा मूळ बोअरच, म्हणजे भोकाचा व्यासच, ५० मिलिमीटर आहे. ५० चा बोअर आणि पिस्टनची चालही ५० ची, त्याचेच ९८ सीसी होतात. मी काय समजलो असेन ते सांगायला नको. मला वाटलं, वा, इतक्या वर्षांत ब्लॉकला कोणी हात लावला नाही, अजून स्टँडर्डच आहे. आनंदाच्या भरात पंचवीसचा पिस्टन, रिंगा, गजन पिन (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी) आणि लॉक असा पूर्ण सेट घेऊन आलो. रिंगा बसतात का बघू म्हणून पाकीटही फोडलं.

बोरिंगवाल्या मिस्त्रींकडे ब्लॉक नेला. त्यांनी माझा नवा पिस्टन उलटा धरून ब्लॉकमध्ये वरून सोडला. तो आत गेला आणि हलू लागला. ब्लॉकला बोअर करून ज्यात पिस्टन जेमतेम बसायला हवा होता, त्यात तो आधीच खडखड वाजत होता. मिस्त्री हसले नाहीत. पिस्टन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हा ब्लॉक पन्नासवर आलेला आहे. तुम्ही पंचवीस कुठून आनला?"

म्हणजे माझ्या पिस्टनवरचा ५० हा ५० मिलिमीटर नव्हता, ०.५० होता. ब्लॉक कधीतरी ५०.५० ला बोअर झालेला होता आणि नंतर त्याहूनही घासला होता. साधा व्हर्नियर पिस्टनच्या स्कर्टला, म्हणजे खालच्या भागाला, लावला असता तरी हे कळलं असतं, हे मी स्वतःहून कबूल करतो. पण आकडा समोर लिहिलेला दिसला की माणूस व्हर्नियर शोधायला उठत नाही. आकड्याची खरी अडचण हीच आहे.

त्यानंतर जे झालं त्यानेच माझं मत ठरलं. दुकानदार म्हणाला, पाकीट फोडलेला माल परत होत नाही. त्याचं बरोबर होतं. मी विचारलं, मग पंच्याहत्तरचा देता का, नाही जमला तर बदलून? तो म्हणाला, "साईज पक्की सांगा भाऊ, मंग देतो." मिस्त्रींना विचारलं, पंच्याहत्तर पक्का धरू का? ते म्हणाले, "पिस्टन आना, मंग बोर करतो. पिस्टन हातात नसताना मी बोर नाही करत." त्यांचंही बरोबर, कारण दोन कंपन्यांचे पंच्याहत्तरचे पिस्टन तंतोतंत सारखे नसतात, आणि चांगला मिस्त्री हातात असलेल्या पिस्टनच्या मापानेच बोअर करतो. जो पिस्टन न पाहता मशीन सुरू करतो त्याच्याकडे ब्लॉक देऊ नका, हे मात्र बिनधास्त सांगतो. पण मधल्या मधे मी. साईज सांगा मग पिस्टन, पिस्टन आणा मग साईज. मे महिना, दुपारचे दोन, डिक्कीत फडक्यात गुंडाळलेला ब्लॉक, आणि दुकान ते लेथ अशा चार चकरा. चौथ्या चकरीला रसवंतीवर थांबलो तेव्हा ग्लास धरवत नव्हता, हाताला ऑइलचा थर होता.

पैशाचं नुकसान फार नव्हतं. चकरांचा कंटाळा मात्र अजून गेलेला नाही. त्या दिवशी ठरवलं की पुढच्या वेळी दुकानात जाताना माझ्याजवळ एक कागद असेल आणि त्यावर ब्लॉकची मापं असतील.

शांतपणे पाहिलं तर आकड्याचा दोष एवढाच नाही की तो दोन प्रकारे वाचता येतो. तो पिस्टनची साईज सांगतो, भोकाची नाही. भोक किती घासलं आहे, एक्झॉस्टच्या बाजूला सीझची (पिस्टन तापून अडकल्याची) रेघ किती खोल गेली आहे, आधीच्या मालकाने घाईत मोठ्या भोकात लहान पिस्टन ढकलला होता का, यातलं काहीच त्याला माहीत नसतं. वापरलेल्या डर्ट गाडीत तर हे सगळं असायचंच. आपल्याकडची उन्हाळी धूळ, वर्षभर न धुतलेला एअर फिल्टर, अंदाजाने ओतलेलं टू-टी ऑइल. अशा गाडीचा पिस्टन ती गाडी कुठून आली ते सांगेल. आज ती कुठे आहे ते ब्लॉकला विचारावं लागतं.

आता मोजण्याची बाजू, आणि तिच्यातही खड्डे आहेत. मी हौसेने दोन वस्तू घेतल्या: ३५ ते ६० मिलिमीटरचा डायल बोअर गेज आणि २५ ते ५० चा मायक्रोमीटर. दुसरी वस्तू चुकली. स्टँडर्ड पिस्टन ५० ला किंचित कमी असतो म्हणून तो त्यात मावतो, पण ओव्हरसाईज पिस्टन ५० च्या वर जातो आणि मायक्रोमीटरचा जबडा तिथे संपतो. पंचवीसचा पिस्टन धरून मी पाच मिनिटं तो स्क्रू मागे फिरवत बसलो होतो. शेवटी ५० ते ७५ चा वेगळा आणला. तुमची गाडी ५४ किंवा ५८ बोअरची असेल तर हा त्रास नाही. नेमकं आरएक्सवाल्यांच्याच कपाळी लिहिलेला आहे.

पिस्टन मोजायचा तो डोक्याला नाही. डोकं लहान असतं, कारण तिथे सगळ्यात जास्त उष्णता आणि म्हणून सगळ्यात जास्त फुगवटा. पिस्टन खाली स्कर्टच्या भागात, गजन पिनच्या काटकोनात सगळ्यात रुंद असतो, आणि पिनच्या दिशेने मुद्दाम थोडा चपटा ठेवलेला असतो. स्कर्टच्या कडेपासून नेमकं किती वर मोजायचं हे पिस्टनसोबतच्या कागदावर असतं; कागद नसेल तर स्कर्टभर दोन-तीन जागी मोजून सगळ्यात मोठा आकडा धरा. माझ्या एका मित्राने डोक्याला व्हर्नियर लावून "पिस्टन घासून स्टँडर्डपेक्षा पण लहान झाला" असा निष्कर्ष काढला होता. पिस्टन नवा होता.

ब्लॉक मोजताना वरपासून खालपर्यंत तीन उंचींवर, प्रत्येक उंचीवर दोन दिशांना. बोअर गेज आत घालून हळूच पुढे-मागे डोलवायचा, काटा जिथून परत फिरतो तो आकडा खरा. पोर्टच्या, म्हणजे भिंतीतल्या खिडकीच्या, तोंडावर मोजू नका, तिथे गेजचा पाय भोकात घसरतो आणि काटा काहीही सांगतो. घासण्याचा जोर बहुधा एक्झॉस्ट पोर्टच्या बाजूला आणि वरच्या अर्ध्यात दिसतो. एक सोपी खूण मात्र कोणालाही जमेल. ब्लॉकच्या अगदी वरच्या कडेला दोन-तीन मिलिमीटरची पट्टी असते जिथे रिंग पोचतच नाही. ती पट्टी घासत नाही. तिथे व्हर्नियरचे आतले जबडे लावले की मागच्या वेळी ब्लॉक कोणत्या साईजला बोअर झाला होता ते कळतं. व्हर्नियर शतांशाच्या कामाचा नाही, पण पंचवीस आणि पन्नास यातला फरक तो डोळे झाकून सांगेल.

माझ्या त्या ब्लॉकचे आकडे असे निघाले: वरच्या पट्टीत ५०.५०, एक्झॉस्टच्या बाजूला ५०.६२, आणि त्यात नखाला अडकणारी एक उभी रेघ. म्हणजे पंच्याहत्तरशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि पंच्याहत्तरमध्ये रेघ निघून गेली. कागद घेऊन गेलो तेव्हा दुकानदाराने काही विचारलं नाही, मिस्त्रींनीही नाही. एक चक्कर दुकानाची, एक लेथची. ब्लॉक परत घेताना पोर्टच्या कडांवरून बोट फिरवलं, त्या मिस्त्रींनी हलक्या हाताने मारलेल्या होत्या. बोअरनंतर त्या कडा धारदार राहिल्या तर रिंग तिथेच अडकते आणि नवा पिस्टन पहिल्याच दिवशी जातो. हे सांगून करून घ्या, सगळेच आपणहून करत नाहीत.

तापमानाबद्दल एक गोष्ट, जी नागपुरात राहणाऱ्याने विसरू नये. मोजमापाचं जगभरचं मानक तापमान २० अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात ते आपण कुठून आणणार? ॲल्युमिनियमचा ५० मिलिमीटरचा पिस्टन वीस अंशांनी तापला तर सुमारे दोन शतांश मिलिमीटर फुगतो. लोखंडी लायनर त्याच्या साधारण निम्मा. छोट्या एअर कूल्ड टू-स्ट्रोकला पिस्टन आणि ब्लॉकमधली जागा हवी असते चार-पाच शतांश, मिस्त्रींच्या भाषेत दीड-दोन थाऊ (इंचाचा हजारावा भाग). म्हणजे पिस्टन टिनाच्या शेडमध्ये मोजला आणि ब्लॉक कूलरच्या समोर, तर जवळपास अर्धा हिशोब तिथेच चुकला. मी दोन्ही वस्तू आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत फरशीवर ठेवतो आणि सकाळी सहाला मोजतो. घरचे हसतात. हसू द्या.

मोजण्याच्या बाजूने माझं सगळ्यात वजनदार कारण मात्र दुसऱ्या इंजिनाचं आहे. ते एका नात्यातल्या मुलाचं, तीच गाडी, तसेच गुट्टीचे टायर. पिस्टनवर २५. आकड्याच्या हिशोबाने सरळ पन्नास मागवायचा आणि बोअर करायचा, मिस्त्रीही तेच म्हणत होते, "पन्नास करून टाका, नवीन होऊन जाईन." मोजलं तर सगळ्यात घासलेली जागा ५०.२६, रेघ नाही, वर-खाली फरक नगण्य. हलकं होनिंग केलं, म्हणजे दगडाने आतून जरासं घासलं, ५०.२७ झालं, आणि पंचवीसचाच नवा पिस्टन ५०.२१५ चा मिळाला. साडेपाच शतांशाची जागा राहिली. थोडी सैल, पण उन्हात पळायच्या गाडीला मी घट्टपेक्षा सैलच पसंत करतो. मुख्य म्हणजे त्या ब्लॉकची एक पायरी वाचली. चार पायऱ्या संपल्या की पुढे लायनर बदलणं आलं, आणि जुन्या गाडीत पायरी म्हणजे आयुष्य. आकडा पाहून काम केलं असतं तर ती उगाच कापली गेली असती आणि कोणाला कळलंही नसतं.

मधला रस्ताही आहे, तो लपवत नाही. ब्लॉक मिस्त्रींकडे न्यायचा, त्यांनाच मोजायला सांगायचं आणि त्यांनी सांगितलेली साईज आणायची. हात बसलेल्या मिस्त्रीचं माप माझ्यापेक्षा नक्कीच बरं असेल, आणि ज्याला एकच इंजिन आयुष्यात एकदाच उघडायचं आहे त्याने गेज विकत घेणं म्हणजे एका पोळीसाठी गिरणी टाकणं. माझी एकच विनंती: समोर उभे राहा, आणि प्रत्येक जागचा आकडा कागदावर मागा. "पंच्याहत्तर लागेन" हा आकडा नाही, तो अंदाज आहे. बोरिंगवाल्याचं पोट बोरिंगवर चालतं. होनिंगने भागेल तिथे तो आपणहून होनिंग सुचवेलच असं नाही, आणि त्यात त्याचा फार दोषही नाही.

ज्याच्याकडे गेज नाही, मिस्त्रीही लांब आहे, त्याला रिंगेची युक्ती. ज्या साईजची नवी रिंग आहे ती ब्लॉकमध्ये सोडा, पिस्टनने ढकलून सरळ करा आणि दोन टोकांमधली फट फिलर गेजने बघा. भोक ०.१ मिलिमीटरने मोठं असेल तर फट ०.३१ ने वाढते, कारण परीघ व्यासाच्या ३.१४ पट. एक पूर्ण पायरी चुकली असेल तर फट पाऊण मिलिमीटरहून जास्त वाढलेली दिसते, मग फिलरचीही गरज नाही. घासलेल्या जागी आणि न घासलेल्या जागी, दोन्हीकडे करून बघा. माझ्या पंचवीसच्या रिंगा मी त्या दिवशी घरीच अशा ब्लॉकमध्ये टाकल्या असत्या, तर ती दुपार कूलरसमोर गेली असती.

बाहेरून आलेली डर्ट बाईक असेल, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर आतून निकासिलचा (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा) कडक थर असलेली, तर तुलनाच संपते. हा थर जर्मनीच्या माले कंपनीने १९६७ साली वँकेल (पिस्टनऐवजी फिरता रोटर असलेल्या) इंजिनासाठी आणला आणि पुढे मोटोक्रॉस गाड्यांमध्ये सर्रास आला. तो इतका पातळ असतो की तिथे पाव-पाव मिलिमीटरने बोअर करत जाण्याची सोयच नाही. पिस्टन ए, बी, सी अशा अक्षरांनी येतात आणि एका अक्षराचा फरक एक शतांश. काही गाड्यांत अक्षराऐवजी रोमन एक आणि दोन. ब्लॉकवर जे अक्षर ठोकलेलं दिसतं ते ब्लॉक नवा होता त्या दिवशीचं. आता तो कुठे आहे हे मोजल्याशिवाय कळणं शक्य नाही. मर्यादेच्या पलीकडे गेला असेल तर थर नव्याने चढवावा लागतो. आणि आत चुंबक टाकून बघा: घट्ट चिकटला तर मधल्या कोणीतरी लोखंडी लायनर घातलेला आहे आणि ते अक्षर आता बिनकामाचं आहे.

तेव्हा ज्याला नुसती गाडी हलती करून विकायची आहे, त्याने आकडा वाचावा, वरच्या पट्टीला एकदा व्हर्नियर लावावा आणि मोकळं व्हावं, मी नाव ठेवणार नाही. ज्याला ती स्वतः पळवायची आहे त्याला मी आपला सल्ला देतो की आधी ब्लॉक मोजा, मग त्या मापाचा पिस्टन आणा, मग पिस्टन हातात देऊन बोअर करा, याच क्रमाने.

पंचवीसचा तो पिस्टन अजून माझ्याकडे आहे, टीव्हीच्या वर, फोडलेल्या पाकिटात, चारही वस्तू पूर्ण. कोणाचा ब्लॉक खरंच स्टँडर्डवरून पंचवीसला जाणार असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. फक्त येताना मापाचा कागद घेऊन या.